प्रकाशयोजना शिकायचीय? विंगेतून सुरुवात करा

नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य आणि संगीताच्या आसपास कुठेतरी ‘प्रकाशयोजना’ म्हणून एक नाव असतं. तेच नाव पुढे एखाद्या संगीत महोत्सवाच्या श्रेयनामावलीत दिसतं, आणखी काही वर्षांनी एखाद्या हॉटेलच्या नकाशावर. रंगभूमीवर तयार झालेला माणूस महोत्सवांत जातो आणि तिथून वास्तुविशारदांच्या कामात शिरतो, ही वाट आता चांगली मळलेली आहे. उलट दिशेनं येणारे कमी. रंगमंचावर लावलेला लाइट चुकला की बरोबर आला हे त्याच रात्री कळतं. इमारतीवर लावलेला चुकला तरी दहा वर्षं तसाच जळत राहतो. म्हणून या लेखातला क्रमही तोच ठेवलाय. ज्यांना थेट इमारतींकडेच जायचंय त्यांनीही आधी दोन-तीन एकांकिका कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. चेहरा उजळायला शिकलेला माणूस भिंत उजळताना उधळपट्टी करत नाही.

१. आधी कुणाच्या तरी हाताखाली

कोर्स शोधण्याआधी ग्रुप शोधा. कॉलेजात असाल तर एकांकिका स्पर्धा हेच तुमचं पहिलं प्रशिक्षण. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक होतोय. तिथे भर संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयावर, त्यामुळे मोजक्या लाइट्समध्ये प्रसंग कसा उभा करायचा हे शिकायला मिळतं. तंत्राचे खेळ करून बघायचे असतील तर फिरोदिया करंडक. कॉलेज सुटलं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी गावातली हौशी संस्था गाठा. तिथे प्रकाशयोजनेला स्वतंत्र पारितोषिक असतं, त्यामुळे परीक्षक लाइटकडे बघतात तरी.

ग्रुपमध्ये गेल्यावर ‘मला डिझाइन करायचंय’ असं म्हणू नका. ‘बोर्डवर बसू का?’ असं विचारा. बोर्ड म्हणजे लाइट कमी-जास्त करायचं पॅनेल. दुसऱ्यानं केलेली योजना सलग काही प्रयोग ऑपरेट केलीत की फेड, म्हणजे प्रकाशाचं हळूहळू वाढणं किंवा मावळणं, दोन सेकंदांचा का आणि पाच सेकंदांचा का नाही, हे बोटांना समजायला लागतं. आणि प्रयोग नसेल तेव्हा विंगेत उभे राहून बघा. प्रेक्षागृहातून प्रकाश दिसतो, विंगेतून तो कुठून येतोय ते दिसतं.

या टप्प्यावर प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं काम जरूर वाचून घ्या. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं, तो प्रसंग त्यांनी प्रकाशावर तोलून धरला होता. ना मूव्हिंग हेड (मोटरवर फिरणारे लाइट), ना एलईडी. उपकरणं नाहीत म्हणून अडून बसणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

२. वीज: हा भाग टाळून पुढे जाऊ नका

कलावंत मंडळींना हा विषय नकोसा वाटतो. पण प्रकाशयोजनाकाराची पहिली जबाबदारी कुणाला शॉक बसू नये आणि काही पेटू नये, ही आहे.

एक हजार वॅटचा ‘पार’ नावाचा दिवा किंवा हॅलोजन स्पॉट २३० व्होल्टवर साधारण ४.३५ अँपिअर ओढतो. समजा हॉलवाल्यानं सांगितलं, ‘थ्री फेज आहे, ३२ अँपिअर.’ म्हणजे एका फेजवर ३२ गुणिले २३०, साधारण ७,३६० वॅट. कागदावर सात लाइट बसतात. पण तासन्‌तास चालणाऱ्या लोडला ऐंशी टक्क्यांच्या वर जायचं नाही हा नियम पाळा, म्हणजे पाचच. तीन फेजवर मिळून पंधरा. आता तुमच्या प्लॉटमध्ये, म्हणजे लाइटच्या नकाशात, बावीस लाइट असतील तर भांडण हॉलवाल्याशी नाही, स्वतःच्या प्लॉटशी करायचं. आणि हे पंधरा लाइट तिन्ही फेजवर समान वाटायचे; सगळा अंबर (पिवळा-केशरी) एका फेजवर आणि सगळा निळा दुसऱ्यावर असं केलंत तर दिवसाच्या प्रसंगात एकच फेज तापत राहते.

थ्री फेजमध्ये सगळ्यात धोकादायक वायर कोणती असं विचारलं तर नवखे फेजकडे बोट दाखवतात. न्यूट्रलकडे बघा. मुख्य न्यूट्रल सैल झाला किंवा सुटला, तर काही लाइट्सवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. साधे हॅलोजन फटाफट उडतात. एलईडी आणि मूव्हिंग हेडची इलेक्ट्रॉनिक्स जळतात, आणि त्याच लाइनवर साउंडवाला असेल तर तो तुम्हाला जन्मभर विसरत नाही. म्हणून सप्लाय जोडल्यावर, एकही लाइट लावायच्या आधी, मल्टिमीटर घेऊन प्रत्येक फेज ते न्यूट्रल मोजा. न्यूट्रल ते अर्थिंगही मोजा. तिथे दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर हॉलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. नुसत्या टेस्टरवर हे कळत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात: वर टांगलेल्या प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन किंवा वायर रोप. हॅलोजनच्या बल्बला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, बोटांचं तेल काचेवर राहतं आणि तिथेच काच फुटते. शिडीवर एक जण असेल तर खाली शिडी धरायला दुसरा हवाच. मुख्य स्विच कुठे आहे हे हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या विचारायचं.

३. दिवे ओळखणं आणि फोकस

पार जाडसर लंबगोल झोत देतो, रंगाचा सडा घालायला उत्तम. फ्रेनेलची कड मऊ असते, बार्नडोरनं, म्हणजे पुढे लावलेल्या झडपांनी, तो आवरता येतो. प्रोफाइलला शटर असतात, त्यामुळे कड धारदार काढता येते, गोबो, म्हणजे नक्षी कापलेली चकती, घालता येतो. नवीन माणसाला प्रोफाइलचा मोह पडतो. पण मराठी नाटकातला दिवाणखाना फ्रेनेलवरच तरतो.

झोताचा आकार अंदाजानं ठरवू नका. सहा मीटर अंतरावरून १९ अंशांचा प्रोफाइल सुमारे दोन मीटरचं वर्तुळ देतो, २६ अंशांचा पावणेतीन मीटरचं, ३६ अंशांचा जवळजवळ चार मीटरचं. दोन माणसं बाकावर बसली असतील तर १९ अंशांत एकाचा खांदा अंधारात जाणार, हे तालमीच्या हॉलमध्ये बसूनही सांगता येतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, हेही लक्षात असू द्या. लाइट टांगायचा बार लांब असेल तर बोर्डवरचा फेडर नुसता वर ढकलून भागत नाही.

कोनांसाठी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलेस यांची १९३० च्या दशकातली पद्धत आजही पहिला धडा म्हणून चालते. रंगमंचाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला डाव्या-उजव्या बाजूनं साधारण ४५ अंशांवरून दोन लाइट द्यायचे, एक उबदार आणि एक थंड. चेहऱ्याला उठाव येतो, सावल्याही मेलेल्या राहत नाहीत. ही पद्धत शिका आणि मग मोडा. दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश टाकून सगळं लख्ख करायचं आणि त्याला प्रकाशयोजना म्हणायचं, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

आता प्रत्यक्ष फोकस. नटाला किंवा एखाद्या मित्राला जागेवर उभं करा. शिडीवरच्या माणसाला ‘थोडं डावीकडे’ म्हणू नका, कुणाचं डावं? ‘प्रेक्षकांकडे’, ‘सायक्लोकडे’ (मागच्या पडद्याकडे), ‘विंगेकडे’ असं तुमच्या ग्रुपमध्ये जे ठरलं असेल ते बोला. झोताचा सगळ्यात तेज भाग, हॉट स्पॉट, चेहऱ्यावर हवा, पोटावर नाही. तो कुठे आहे हे लांबून कळत नसेल तर त्या जागी स्वतः उभे राहा आणि दिव्याकडे बघा: फिलामेंट डोळ्यांत मधोमध येत असेल तर हॉट स्पॉट तुमच्या चेहऱ्यावर आहे. ही युक्ती हॅलोजनपुरतीच. लेझर किंवा बीम लाइटकडे कधीही थेट बघायचं नाही.

जिलेटिनबद्दल, म्हणजे लाइटसमोर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाबद्दल, एक गोष्ट. रात्रीसाठी गडद निळा लावायची सवय आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांवर तो राखेसारखा दिसतो. फिकट निळा मागून आणि बाजूनं द्या, समोरून अगदी थोडा रंगहीन किंवा फिकट अंबर ठेवा. रात्रही वाटते आणि नटाचे डोळेही दिसतात.

४. कागद

तीन कागद लागतात. पहिला प्लॉट, म्हणजे कुठल्या बारवर कुठला लाइट, कुठल्या रंगाचा, कुठे रोखलेला. दुसरा पॅच, म्हणजे कुठला लाइट कुठल्या डिमरवर किंवा कुठल्या डीएमएक्स पत्त्यावर. डीएमएक्स म्हणजे बोर्डकडून लाइटला हुकूम पोचवणारा डिजिटल सिग्नल. डीएमएक्सच्या एका लाइनवर, म्हणजे एका युनिव्हर्समध्ये, ५१२ चॅनल मिळतात. तुमचा एलईडी पार आठ चॅनल खात असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा १७. दोघांना एकच पत्ता दिलात तर ते जुळ्या भावांसारखे वागतील, कधी कधी तेच हवं असतं. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत, शेवटच्या उपकरणाला १२० ओमचा टर्मिनेटर लावा, आणि माइकची केबल डीएमएक्सला वापरू नका. लाइट मध्येच लुकलुकायला लागले तर नव्वद टक्के वेळा या तीनपैकीच काहीतरी असतं.

तिसरा कागद क्यू शीट, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला लाइट किती बदलायचा याची यादी. असा प्रत्येक बदल म्हणजे एक क्यू. समजा प्रसंग असा आहे: संध्याकाळ, चाळीतलं स्वयंपाकघर. सासूबाई भाजी निवडतायत, सून कामावरून येते, बोलता बोलता लाइट जातात.

क्यू ७: सून दारात दिसते. दाराकडचा प्रकाश ३० वरून ५५ टक्के, ४ सेकंद.
क्यू ८: सासूबाईंच्या ‘पगार झाला का गं?’ या वाक्यावर. सगळं बंद, ० सेकंद. मागचा निळा १२ टक्के राहील.
क्यू ९: काडी पेटते. मेणबत्तीच्या जागेवरचा अंबर २५ टक्के, २ सेकंद.
क्यू १०: लाइट परत येतात. क्यू ७ ची स्थिती, ० सेकंद.

आता यातला क्यू ९ बघा. तो शब्दावर नाही, कृतीवर आहे. काडी पहिल्या फटक्यात पेटेलच असं नाही, पावसाळी हवेत तर नाहीच. ऑपरेटरनं संहितेत डोकं घालून क्यू दिला आणि काडी पेटायच्या आधीच उजेड झाला, तर गंभीर प्रसंगात हशा पिकतो. म्हणून क्यू शीटवर तिथे लाल पेनानं ‘हाताकडे बघ’ असं लिहायचं. आणि क्यू ८ मधला तो १२ टक्के निळा कशासाठी? नटीला काडेपेटी सापडायला हवी ना.

व्यावसायिक नाटकात गेलात की आणखी एक कागद वाढतो: दौऱ्याचा प्लॉट. आज बालगंधर्व, उद्या गडकरी रंगायतन, परवा एखाद्या तालुक्याच्या गावी समोरचा बारच नसलेला हॉल. आधीचा प्रयोग सुटल्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत तुम्हाला मिळणारा वेळ तुटपुंजा, त्यातला निम्मा नेपथ्य लावण्यात जातो. म्हणून योजनेचे थर करा. पहिल्या थरात ज्याशिवाय नाटकच होणार नाही ते आठ-दहा लाइट. दुसऱ्यात वातावरण. तिसऱ्यात तुमची हौस. वेळ कमी पडला की तिसरा थर निमूटपणे सोडायचा.

५. महोत्सव: इथे रंगीत तालीम नसते

नाटकात तुम्हाला महिनाभर तालमी बघायला मिळतात. महोत्सवात कलावंत येतो, साउंड चेक करतो, चहा घेतो आणि बसतो. त्यामुळे इथे क्यू शीट ऐवजी तयार स्थितींचा साठा लागतो: आलापासाठी शांत स्थिती, द्रुतसाठी थोडी भरलेली, टाळ्यांसाठी प्रेक्षकांवरचा प्रकाश, निवेदकासाठी वेगळी. बोर्डवर त्या बोटांखाली हव्यात, मग कार्यक्रम कानानं चालवायचा.

शास्त्रीय मैफिलीत मूव्हिंग हेड नाचवू नका. कुणी सांगितलं तरी नका. गायकाच्या समोरून डोळ्यांच्या रेषेत येणारा लाइट त्याला त्रास देतो, तो मान वळवतो आणि मग कॅमेरावाले तुमच्याकडे येतात. समोरचे लाइट थोडे उंच आणि बाजूला घ्या. हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीदारांना गायकाचा चेहरा दिसतो ना, हे त्यांच्या जागी बसून बघा. मागचे तानपुरे अंधारात सोडू नका. हॅलोजन वापरत असाल तर तबल्यावर थेट तापवणारा लाइट नको, पुडी तापली की सूर सरकतो आणि तबलजी हातोडी काढतो. एलईडीनं हा प्रश्न सोडवलाय. पण स्वस्त एलईडी कॅमेऱ्यात पट्टे मारतो, म्हणून थेट प्रक्षेपण असेल तर दुपारीच कॅमेरामनला बोलावून प्रत्येक लाइट पडद्यावर बघून घ्या, विशेषतः कमी टक्क्यांवर.

उघड्यावर दुपारी सुरू होणाऱ्या कार्यक्रमात सूर्यास्तापर्यंत तुमचे लाइट जवळजवळ निरुपयोगी. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती प्रकाश पडतो याचं माप. दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव. या दोन टोकांमधला मोठा प्रवास सूर्यास्ताच्या आसपासच्या तासाभरात होतो, आणि तो तास तुम्ही बोर्डवर हवेत, जेवणाच्या रांगेत नको. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असते, विशेष परवानगीचे दिवस सोडून. तेव्हा शेवटचा कलावंत गातोय तोवर तुमची सामान आवरायची माणसं तयार पाहिजेत. ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा धातूचा सांगाडा, उभारणाऱ्याकडून वाऱ्याचा अंदाज आणि वजनाची मर्यादा लेखी घ्या. जनरेटर असेल तर साउंडचा वेगळा, लाइटचा वेगळा मागा. नाही मिळाला तर निदान मागितल्याची नोंद राहते.

गणेशोत्सवातली विद्युत रोषणाई ही आपली स्वतःची शाळा आहे आणि तिथून आलेली मुलं हाताला फार पक्की असतात. मात्र लेझर बीमपासून लांब राहा. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात त्यावर बंदीच घातली होती. डोळ्यांना इजा होते हे कारण पुरेसं आहे.

मांडणशिल्प करायची इच्छा असेल तर जानेवारीअखेर-फेब्रुवारीत मुंबईचा काळा घोडा महोत्सव आणि डिसेंबरात पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव निदान एकदा संध्याकाळी चालून बघा. कलाकृती बघाच, पण केबल कुठून नेल्यात आणि गर्दीपासून दिवे कसे वाचवलेत तेही बघा.

६. इमारती आणि बागा

इथे भाषा बदलते. टक्के जातात, लक्स आणि केल्विन (प्रकाश किती उबदार किंवा थंड याचं माप) येतात. कुठे किती प्रकाश पडेल याचं गणित करणारं डायलक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिका. ऑटोकॅडमधला छताचा नकाशा वाचता आलाच पाहिजे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत प्रति चौरस मीटर किती वॅट वापरता येतील याच्या मर्यादा दिल्या आहेत, तेव्हा ‘अजून दोन लाइट टाकू’ ही नाटकातली सवय इथे चालत नाही. घर आणि हॉटेलसाठी २७०० ते ३००० केल्विन, कामाच्या जागेला ४००० पर्यंत. आणि रंग खरे दिसायला हवेत तिथे सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर. आर्किटेक्टला तुमच्या सौंदर्यदृष्टीपेक्षा एका प्रश्नाचं उत्तर आधी हवं असतं: ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, कुठे बसणार आणि बिघडला तर बदलणार कसा?

दर्शनी भिंतीचं उदाहरण घेऊ. भिंतीला खेटून, वितीभर अंतरावरून वर टाकलेला प्रकाश पोत उठवतो. कोरीव दगडावर तो अप्रतिम. त्याच पद्धतीनं नव्या प्लास्टरवर टाकलात तर गवंड्याच्या थापीचा प्रत्येक हात दिसतो आणि बिल्डर तुम्हाला दोष देतो. तिथे दिवा भिंतीपासून लांब न्या आणि भिंत एकसारखी धुऊन काढा. आपल्याकडचा काळा पाषाण, बेसॉल्ट, प्रकाश गिळतो. मालाडच्या पिवळसर दगडावर जेवढ्या वॅटमध्ये काम होतं त्याच्या दुप्पट-तिप्पट टाकूनही तो काळाच राहतो. तेव्हा काळ्या दगडाला उजळायचा हट्ट सोडा, त्याच्या मागची कमान किंवा आतला सज्जा उजळा, दगड आपोआप आकार घेतो. यासाठी नमुना लाइट घेऊन रात्री जागेवर जाणं, म्हणजे मॉकअप, याला पर्याय नाही. कराराच्या कागदावरच मॉकअपची रात्र लिहून घ्या.

मग पावसाळा. आयपी म्हणजे दिवा धूळ-पाण्यापासून किती बंद आहे याचा आकडा. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, बुडणं नाही. जमिनीत पुरलेल्या दिव्याला ६७ तरी हवा, आणि त्याखाली खडीचा निचरा नसेल तर ६७ सुद्धा फार टिकत नाही. पाणी बहुतेकदा दिव्यातून शिरत नाही, केबल जिथे जोडली त्या जोडातून शिरतं आणि वायरच्या आतून सरकत दिव्यापर्यंत येतं. म्हणून जोडाची पेटी आणि ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली घट्ट चकती) स्वतः उघडून तपासा. कोकणात आणि गोव्यात वर खारी हवा असते, तिथे स्क्रूसुद्धा स्टेनलेस मागा.

संरक्षित वारसा वास्तू असेल तर परवानगीशिवाय एक खिळाही ठोकता येत नाही. क्लॅम्प, वजनाचे पाय, जुन्या खाचा यांतूनच मार्ग काढावा लागतो. आणि कुठे लाइट नको हेही सांगायला शिका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. तिथला रस्त्यावरचा दिवा खाली वळवणं, त्याला टोपी घालणं, हीसुद्धा प्रकाशयोजनाच आहे. जंगलालगतच्या रिसॉर्टवाल्यांना हे समजावणारा माणूस लागतो, तो तुम्ही का नसावा?

७. शिक्षण आणि पैसे

औपचारिक शिक्षणासाठी दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग हे मार्ग आहेत. इमारतींकडे जायचं असेल तर आर्किटेक्चर, इंटिरिअर किंवा इलेक्ट्रिकलची पदवी उपयोगी पडते. पदवी नसली तरी एखाद्या लाइटिंग कन्सल्टंटकडे ड्राफ्टिंग करत दोन वर्षं काढता येतात. घरी सराव करायला क्यूएलसी प्लस हे संगणकावरून लाइट चालवायचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक स्वस्त एलईडी पार पुरतो.

नाटकात डिझाइनचं मानधन एकदाच आणि पुढे प्रत्येक प्रयोगाची नाइट, असं सहसा ठरतं. नाइट डिझायनरला मिळणार की फक्त ऑपरेटरला, हे शुभारंभाआधी बोलून घ्या. नंतर बोलणं अवघड होतं. महोत्सवात अर्धे पैसे आगाऊ, आणि प्रवास, राहणं, जेवण वेगळं. इमारतीच्या कामात फी टप्प्यांत बांधा: संकल्पना, तपशीलवार नकाशे, निविदा, जागेवरची देखरेख. शेवटच्या टप्प्याला किती भेटी ते लिहाच, नाहीतर तुम्ही फुकटचे सुपरवायझर होता. व्यावसायिक फीवर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून परत मिळवायचा किंवा करात वळता करायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी.

इमारतींच्या कामात लवकरच कुणीतरी विक्रेता येऊन सांगेल, ‘आमचे लाइट सुचवा, तुमचं बघून घेऊ.’ ज्याच्याकडून फी घेताय त्याला न सांगता हे घेऊ नका. आर्किटेक्टांच्या वर्तुळात ही बातमी फार लवकर फिरते.

पोर्टफोलिओत नुसते झगमगीत फोटो घालू नका. प्रत्येक कामाच्या एका फोटोशेजारी त्याचा प्लॉट किंवा नकाशा, किती वॅट वापरले, आणि लाइट लावायला किती तास मिळाले ते लिहा. रंगभूमीवरच्या कामात दिग्दर्शकाचं आणि ऑपरेटरचं, इमारतीच्या कामात आर्किटेक्टचं नाव टाकायला विसरू नका, कारण पुढचं काम विचारणारा फोन त्यांनाच आधी करतो.